कासवाच्या पाठीवरची पृथ्वी : इरोक्वॉय सृष्टिकथेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इरोक्वॉय म्हणजे नेमके कोण?

आजच्या न्यूयॉर्क राज्याचा बराचसा उत्तर आणि पश्चिम भाग आणि त्याला लागून असलेला कॅनडाचा ओन्टारिओ-क्वेबेक पट्टा इथे राहणाऱ्या सहा राष्ट्रांचा हा संघ. पूर्वेकडून पश्चिमेकडे मोजले तर मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कायुगा आणि सेनेका ही मूळची पाच. सहावे टस्करोरा. ते कॅरोलायनातल्या युद्धानंतर उत्तरेकडे सरकले आणि १७२२ च्या सुमारास संघात आले. विस्कॉन्सिन आणि ओक्लाहोमातही संघातल्या लोकांच्या वस्त्या आहेत. ‘इरोक्वॉय’ हे नाव फ्रेंचांनी रूढ केले. ते स्वतःला होडेनोशोनी, म्हणजे लाँगहाऊसमधली (अनेक कुटुंबांच्या लांबट घरातली) माणसे म्हणवतात. म्हणून पुढे तेच नाव वापरले आहे.

शेजारचे वेंडॅट, म्हणजे ज्यांना फ्रेंच ‘ह्युरॉन’ म्हणत, संघात कधीच नव्हते. पण त्यांची भाषा याच कुटुंबातली आहे आणि सृष्टिकथाही जवळपास हीच. कथेची सर्वांत जुनी लेखी नोंद वेंडॅटांकडूनच मिळते, हे लक्षात ठेवलेले बरे. पुढे त्याचा संबंध येतो.

पूर्ण गोष्ट काय आहे?

सविस्तर सांगायला बसले तर काही तास, कधी काही दिवस लागतात. इथे सांगाडा देतो.

पृथ्वी नव्हती. खाली नुसते पाणी, आणि वर, आकाशाच्या पलीकडे, एक वसलेले जग. तिथे लाँगहाऊस होती, संसार होते, हेवेदावेही होते. सूर्य मात्र नव्हता. एका मोठ्या झाडाच्या फुलांचा उजेड पडायचा. त्या झाडाजवळ राहणाऱ्या प्रमुखाची बायको गरोदर राहिली आणि त्याला संशयाने पछाडले. तो आजारी पडला. झाड उपटले गेल्याचे स्वप्न त्याला पडले, आणि स्वप्न पुरे झाल्याशिवाय त्याला बरे वाटणार नव्हते. लोकांनी झाड उपटले. मुळांच्या जागी भोक पडले. बायको काठावरून वाकून पाहत होती आणि खाली गेली. कुणी सांगतात घसरली, कुणी सांगतात नवऱ्याने ढकलली. काठ धरायच्या धडपडीत तिच्या मुठीत मुळे आणि बिया आल्या.

खालून पाणपक्ष्यांनी तिला पाहिले. हंस, बदके, लून असे पक्षी पंखाला पंख लावून वर गेले आणि तिला झेलले. पण ठेवायचे कुठे? पाण्यातल्या प्राण्यांची सभा भरली. कासवाने पाठ देऊ केली. पाठीवर टाकायला तळाची माती हवी होती. पाणमांजर बुडाले आणि हात हलवत परत आले. बीव्हरचेही तेच. शेवटी मस्करॅट, म्हणजे दलदलीत राहणारा, घुशीएवढा, चपट्या शेपटीचा प्राणी बुडाला. त्याचे प्रेत वर तरंगले, पण पंजात चिमूटभर चिखल होता. तो कासवाच्या पाठीवर ठेवला. आकाशातून आलेली बाई त्याभोवती गोल गोल चालत राहिली आणि जमीन वाढत गेली.

तिला मुलगी झाली. मुलगी मोठी झाल्यावर एका पुरुषाने रात्री येऊन तिच्याजवळ दोन बाण ठेवले, एक गारगोटीच्या पात्याचा आणि एक बिनपात्याचा. तो पश्चिमेचा वारा होता असे काही सांगतात, तर काहींच्या मते ते कासवच होते. तिला जुळे राहिले. पोटातच त्यांचे भांडण सुरू झाले. एक रीतसर जन्मला. दुसरा बरगडीतून किंवा काखेतून फाडून बाहेर आला आणि आई मेली. आजीने विचारले, हे कुणी केले? दुसऱ्याने पहिल्याकडे बोट दाखवले आणि आजीने त्याच्यावर विश्वास ठेवला. आईला पुरले. तिच्या देहातून मका, घेवडा, भोपळा आणि तंबाखू उगवली.

पुढचा मोठा भाग म्हणजे त्या दोघांनी घडवलेले जग. पहिल्याने हरणे, फळझाडे आणि माणसे केली. नद्या केल्या त्या दोन्ही दिशांना वाहणाऱ्या, म्हणजे जाताना-येताना वल्हवायचे कष्ट नकोत. दुसऱ्याने नद्यांना एकाच दिशेला लावले, मध्ये धबधबे घातले, गुलाबाला काटे दिले, डोंगर उभे केले, हिवाळा आणला. शेवटी दोघांची लढाई झाली, पहिला जिंकला, आणि दुसऱ्याच्या वाट्याला रात्र आली.

पात्रांची नावे प्रत्येक ठिकाणी वेगळी का दिसतात?

सहा भाषा, त्यातही लिहिणारे कधी फ्रेंच, कधी इंग्रज, कधी स्वतः त्याच समाजातले. वाचताना एवढी जुळणी पुरेशी आहे : आकाशातून पडलेली बाई म्हणजे वेंडॅटांची अताएन्सिक. पहिला जुळा म्हणजे मोहॉकांचा तेहारोन्हियावाको आणि वेंडॅटांचा यूस्केहा, दुसरा म्हणजे तावीस्कारोन. खाली पहिल्याला थोरला आणि दुसऱ्याला गारगोट्या म्हटले आहे.

खरी आवृत्ती कोणती?

अशी एक नाही, आणि ‘मूळ पाठ’ शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे : ही आवृत्ती कुणी, कुणाला, कधी सांगितली?

फ्रेंच मिशनरी सागार यांची नोंद १६३२ ची, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातल्या ब्रेबफ यांची १६३६ ची. दोन्ही वेंडॅटांकडून ऐकलेल्या. ब्रेबफनी पडण्याची दोन कारणे नोंदवली आहेत. एकात ती अस्वलामागे धावता धावता भोकात पडते. दुसऱ्यात नवऱ्याच्या औषधासाठी झाड तोडताना ते खाली कोसळते आणि ती त्याच्यामागे उडी घेते. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी एकाच समाजात दोन पाठ शेजारी शेजारी नांदत होते.

१८२७ मध्ये डेव्हिड कुसिक या टस्करोरा लेखकाने इंग्रजीत कथा छापली. त्यात चांगला जुळा मातीच्या दोन मूर्ती घडवून त्यांच्या नाकपुड्यांत प्राण फुंकतो. बायबल वाचलेल्याला हे कुठून आले ते सांगायला नको. म्हणून कुसिक टाकाऊ ठरत नाही, पण ते वाक्य प्राचीन होडेनोशोनी श्रद्धा म्हणून उद्धृत करणे चूक.

सर्वांत भरीव काम जे. एन. बी. ह्युइट यांचे. ते स्वतः टस्करोरा वंशाचे होते आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संशोधनसंस्थेच्या मानववंशशास्त्र विभागात काम करीत. १९०३ मध्ये त्यांनी ऑनंडागा, सेनेका आणि मोहॉक अशा तीन आवृत्त्या मूळ भाषेत, ओळीखाली शब्दशः अर्थासह प्रसिद्ध केल्या. १९२८ मध्ये जॉन आर्थर गिब्सन यांनी सांगितलेली दीर्घ आवृत्ती आली. गिब्सन कॅनडातल्या ग्रँड रिव्हर वस्तीतले सेनेका प्रमुख, दृष्टी गेलेले, आणि परंपरेचे जाणकार म्हणून दोन्ही देशांत मान असलेले. गंभीरपणे वाचायचे असेल तर सुरुवात १९०३ च्या खंडापासून करावी. मुलांच्या चित्रपुस्तकांतून आणि इंटरनेटवरच्या अर्ध्या पानाच्या सारांशांतून जे गळते ते नेमके तिथे आहे : आकाशातल्या जगातले आजारपण, लग्नाआधीच्या परीक्षा, स्वप्नाचा पेच.

मग दुसरा जुळा म्हणजे सैतान का?

नाही. या कथेचा सर्वांत जास्त विपर्यास इथेच झाला आहे, त्यामुळे जरा थांबून पाहू.

‘चांगला भाऊ विरुद्ध वाईट भाऊ’ ही मांडणी मिशनऱ्यांच्या काळात घट्ट झाली. १७९९ मध्ये हँडसम लेक या सेनेका नेत्याला दृष्टान्त झाले आणि त्यातून जो धर्ममार्ग निघाला, त्यानेही थोरल्याला निर्मात्याच्या आणि धाकट्याला छळणाऱ्याच्या जागी बसवले. आज बरेच होडेनोशोनी तसे मानतात. तेव्हा ‘हे त्यांचे नव्हेच’ असे म्हणणेही अतिरेकी होईल.

पण जुन्या पाठांत गारगोट्याचे काम पाहा. त्याने डोंगर केले, त्यामुळे प्रवास अवघड झाला. हिवाळा आणला, त्यामुळे नद्या गोठल्या. काटे, विषारी मुळ्या, वटवाघळे, शिकारी प्राणी. यातले काय काढून टाकता येईल? शिकारी नसले तर हरणे जंगल फस्त करतील. हिवाळा नसला तर मेपलचा गोड रस मिळणार नाही, कारण रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे या फेऱ्यांवरच तो झाडात चढतो. थोरल्याचे जग सोयीचे आहे, पण त्यात कष्टच नाहीत. दोघांचे काम मिळूनच राहण्याजोगे जग बनते. गारगोट्या लढाईत हरतो, पण त्याने केलेले काही पुसले जात नाही. त्याला फक्त रात्रीचा वाटा मिळतो.

त्याचा देहही हिशेबात घ्यायला हवा. ब्रेबफच्या नोंदीत यूस्केहा हरणाच्या शिंगांनी लढतो. तावीस्कारोन मात्र रानगुलाबाच्या फळांवर भिस्त ठेवतो आणि मार खातो. तो पळताना सांडलेल्या रक्ताची गारगोटी होते. न्यूयॉर्कच्या मधोमध ऑनंडागा चुनखडीचा जो थर पूर्व-पश्चिम पसरला आहे, त्यात गारगोटीच्या गाठी जागोजाग सापडतात आणि बाणांची पाती शतकानुशतके त्यांचीच घडत आली. जे रक्त सांडले त्याच्यावरच शिकार चालते, आणि हे सांगणाऱ्यांना चांगले ठाऊक होते.

आजीचा निवाडा हा आणखी एक कठीण भाग. ती खोटे बोलणाऱ्याला जवळ करते आणि खऱ्याला बाहेर काढते. तरीही ती खलनायिका ठरत नाही. पुढे तीच चंद्र होते, आणि तिला आजी म्हणूनच नमस्कार केला जातो.

चंद्र आजी कसा?

नाते कथेतूनच येते. आपला चंद्र मामा, त्यांचा आजी. कुठल्या पाठात आजीचे, कुठल्या पाठात मुलीचे मस्तक आकाशात टांगले जाते आणि त्याचा चंद्र होतो. पुरलेली मुलगी म्हणजे धरणीमाता. सूर्य थोरला भाऊ, पश्चिमेकडून येणारे मेघगर्जक आजोबा. बोलताना खरोखर याच नात्यांनी हाक मारतात, अलंकार म्हणून नाही.

या कथेचा रोजच्या आचाराशी काय संबंध?

सर्वांत ठळक म्हणजे कृतज्ञतेचे बोल. कुठलीही सभा, विधी, शाळेचा दिवस याआधी एक जण उठून सृष्टीतल्या एकेका घटकाचे आभार मानतो आणि प्रत्येक टप्प्यावर ऐकणारे होकार देतात. क्रम साधारण असा : माणसे, धरणी, पाणी, मासे, वनस्पती, पिके, औषधी, प्राणी, झाडे, पक्षी, चार वारे, मेघगर्जक, सूर्य, चंद्र, तारे, मार्ग दाखवणारे, आणि शेवटी निर्माता. काही मिनिटांत आटोपते किंवा तासभरही चालते. बोलणाऱ्याच्या तयारीवर आहे. पाठ केलेला मजकूर म्हणायचा नसतो. क्रम पक्का, शब्द ज्याचे त्याचे.

कथा हाताशी ठेवून हा क्रम वाचला की एक गोष्ट दिसते. बाई वरून खाली आली, आभार खालून वर जातात. वाटेत तिला ज्यांनी ज्यांनी हात दिला, पाणी, पक्षी, प्राणी, ते सगळे येऊन जातात. मदत मागितली नसताना मिळाली होती. तिची परतफेड करायची ती दर वेळी नाव घेऊन.

स्त्रियांना इतका मान कसा?

कथेत पहिली व्यक्ती बाई, दुसरी तिची मुलगी, आणि बाप जवळजवळ अदृश्य. समाजरचनाही तशीच. कूळ आईकडून येते. जुन्या काळी नवरा बायकोच्या लाँगहाऊसमध्ये राहायला जाई. शेत, धान्य आणि घर बायकांच्या ताब्यात. संघाच्या महासभेत पन्नास प्रमुखपदे आहेत. त्यांवर पुरुष बसतात, पण त्यांना निवडते कुळमाता. वागणूक बिघडली तर ती ताकीद देते. तिसऱ्या ताकिदीनंतरही सुधारणा नसेल तर पदाचे चिन्ह असलेली शिंगे काढून घेतली जातात, म्हणजे पद जाते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या मताधिकार चळवळीतल्या मटिल्डा जोस्लिन गेज यांना ही व्यवस्था जवळून माहीत होती आणि त्यांनी ती उदाहरण म्हणून मांडली.

मात्र ‘कथेत बाई आहे म्हणून समाज मातृवंशीय’ असा सरळ कार्यकारणभाव लावू नये. शेती बायका करीत, पुरुष शिकारीला आणि युद्धाला महिनोन्‌महिने बाहेर असत. घराची सूत्रे कुणाकडे राहणार हे त्यानेही ठरले असणार.

कुळे कुठून आली?

गिब्सन यांच्या पाठात याचे उत्तर आहे. माणसे वाढली, माणसे मरू लागली, आणि दुःखात कुणी कुणाला सावरायचे हेच कळेना. एका तरुणाने सगळ्यांना नदीकाठी नेले. द्राक्षवेलाला धरून लोक पलीकडे जाऊ लागले, अर्धे पोहोचले आणि वेल तुटला. दोन बाजू अशा पडल्या. मग त्याने प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्या बाईला पहाटे पाण्यावर जायला सांगितले. तिथे तिला जो प्राणी दिसला ते तिचे कूळ. मोहॉक आणि ओनायडांत आजही तीनच कुळे आहेत, कासव, लांडगा, अस्वल. सेनेकांत आठ आहेत.

दोन बाजूंचा उपयोग अगदी व्यावहारिक आहे. एका बाजूला मृत्यू झाला की पुढची व्यवस्था दुसरी बाजू पाहते, कारण ज्यांचे मन ठिकाणावर नाही त्यांच्यावर काम टाकायचे नाही. लग्नही आपल्या कुळात होत नाही.

वाडग्याचा खेळ म्हणजे काय? तो कथेत कुठे येतो?

थोरला आणि आजी यांच्यात पृथ्वीवर जीवन राहावे की नाही यावर डाव लागतो. आजीच्या सोंगट्या आधीच तिच्या बाजूच्या होत्या. थोरल्याने चिकडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांकडून त्यांची सहा डोकी मागून घेतली, तीच सोंगट्या म्हणून वाडग्यात टाकली आणि जिंकला.

आजही मध्यहिवाळ्याच्या आणि कोवळ्या मक्याच्या सणात हा खेळ विधी म्हणून होतो. लाकडी वाडगा, पीचच्या सहा बिया, एका बाजूने जाळून काळ्या केलेल्या. (पीच युरोपीयांनी आणले. त्याआधी रानआलुबुखाराच्या बिया असत.) वाडगा जमिनीवर आपटायचा. सहाही बिया एकाच रंगाच्या पडल्या तर पाच गुण, पाच एका रंगाच्या पडल्या तर एक. बाकी काहीही पडले तर वाडगा समोरच्या बाजूला. बी दोन्ही बाजूंना सारखी पडते असे धरले तर सहा सारख्या पडण्याची शक्यता बत्तिसात एक आणि पाचांची सोळांत तीन. म्हणजे पाचांपैकी जवळपास चार वेळा वाडगा हातातून जातो. हिशेब घेवड्याच्या दाण्यांनी ठेवतात. एका बाजूचे सगळे दाणे संपेपर्यंत खेळ चालत असल्याने तो दोन-तीन दिवस लांबू शकतो. दोन्ही बाजूंची माणसे आपली एकेक वस्तू पणाला लावतात, समोरच्याच्या तेवढ्याच मोलाच्या वस्तूला जोडून.

याला जुगार समजून हसण्यात अर्थ नाही. निर्मात्याला करमणूक व्हावी आणि जीवन ही जिंकून घेतलेली, पुन्हा जिंकावी लागणारी गोष्ट आहे याचे भान राहावे, असा त्यामागचा विचार.

स्वप्नाला एवढे महत्त्व का?

झाड स्वप्नामुळे उपटले गेले. सतराव्या शतकातल्या जेझुइटांनी वैतागून लिहून ठेवले आहे की हे लोक स्वप्नात आलेली इच्छा पुरी करणे कर्तव्य मानतात. दबलेली इच्छा माणसाला आजारी पाडते, आणि ती सरळ न सांगता कोड्यात सांगायची, लोकांनी ओळखून पुरवायची, अशी रीत होती. मध्यहिवाळ्याच्या सणात स्वप्न ओळखण्याचा भाग त्यातूनच आला. हा सण कृत्तिका संध्याकाळी थेट डोक्यावर आल्यानंतरच्या अमावास्येवरून ठरतो, नव्या चंद्रानंतर पाचव्या दिवशी सुरू होतो, आणि म्हणून दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पुढेमागे होतो.

तीन बहिणींची शेती मला करून पाहायची आहे. कशी करायची?

मका, घेवडा, भोपळा एकत्र. कथेत तिघी एकाच देहातून उगवतात, शेतातही एकाच टेकाडावर.

गादीवाफे नकोत, गोल टेकाडे करा : ३० सेंटिमीटर उंच, ५० सेंटिमीटर रुंद, दोन टेकाडांच्या मध्यांत १ ते १.२ मीटर अंतर. प्रत्येकावर मक्याचे चार-पाच दाणे. मका वीतभर झाला की भोवती घेवड्याच्या चार बिया. त्यानंतर आठवड्याने कडेला किंवा मधल्या टेकाडांवर भोपळा. न्यूयॉर्कमध्ये सुरुवात मेच्या उत्तरार्धात होते, शेवटचे गोठलेले दहिवर पडून गेल्यावर.

बहुतेकांचे बिघडते ते घाईने. तिन्ही बिया एकाच दिवशी टाकल्या तर घेवडा मक्याच्या पुढे जातो आणि कोवळा ताट आडवा करतो. स्वीट कॉर्नचे ताट बारीक असते, त्याला वेल पेलत नाही. कडक दाण्याचा, उंच वाढणारा मका घ्यावा. घेवडा वेलीचाच हवा, झुडपी चालणार नाही. एकाच रांगेत आठ-दहा टेकाडे केली तर परागीभवन अर्धवट होऊन कणसांत दाणे विरळ भरतात, म्हणून निदान चार बाय चार असा चौकोन करा. भोपळ्याची पाने जमीन झाकतात, ओल टिकते, तण दबते.

‘घेवडा मक्याला नत्र देतो’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळते. त्याच हंगामात ते फार थोडे खरे आहे. नत्राचा बराचसा लाभ मुळे आणि पाला कुजल्यावर पुढच्या पिकाला होतो. आहारातला मेळ मात्र लगेचचा आहे. मक्यात लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी, घेवड्यात भरपूर. कॉर्नेल विद्यापीठातल्या टस्करोरा वंशाच्या कृषिशास्त्रज्ञ जेन माउंट प्लेझंट यांनी या पद्धतीवर शेतात प्रयोग करून दाखवले की ती भावनिक नाही, उत्पादक आहे. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या आदेशावरून अमेरिकन सेनापती सलिव्हनच्या सैन्याने होडेनोशोनींची चाळीसच्या आसपास गावे जाळली. सैनिकांच्या रोजनिशीत मक्याच्या विस्ताराबद्दलचे आश्चर्य जागोजाग आहे.

मका राखेत का शिजवतात?

साल सुटावी म्हणून, आणि त्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळावे म्हणून. नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग होतो, राखेतल्या मक्यावर जगणाऱ्यांना झाला नाही.

लिटरभर सुके पांढरे दाणे, तिप्पट पाणी, चाळलेली राख एक कप. राख मेपल, ओक, हिकरी अशा कठीण लाकडाची. पाइनची चालत नाही, रंग दिलेल्या किंवा खिळे मारलेल्या फळ्यांची तर मुळीच नाही. वीस-तीस मिनिटे उकळून दाणा बोटांत चोळून पाहा. साल सरकली की उतरवा. मग टोपलीत घालून वाहत्या पाण्यात तीन-चारदा खळखळून धुवा, टोकाचे काळे डोळे जाईपर्यंत. धुणे कमी पडले तर साबणासारखी चव येते. फार वेळ उकळले तर दाणा विरघळून पिठले होते. ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नका, क्षाराने ते झिजते. धुतलेले दाणे राजम्यासोबत दोन-तीन तास शिजवले की सूप तयार. पुण्या-मुंबईत अशी राख मिळणे अवघड, तिथे खायचा चुना किलोमागे दहा ग्रॅम या प्रमाणात चालतो.

हा आपला कूर्मावतारच ना?

हा प्रश्न मराठी वाचकाला पडणारच. आपल्याकडे देवळात शिरताच जमिनीवर कासव दिसते. तरी उत्तर नाही असेच आहे. कूर्मावतारात कासव मंदार पर्वताला, म्हणजे घुसळायच्या रवीला आधार देते, आणि ते स्वतः विष्णू आहे. होडेनोशोनी कासव कुणाचा अवतार नाही. ते सभेत बसलेल्यांपैकी एक आहे आणि मीच पाठ देतो म्हणते.

जवळचे साम्य वराहात आहे. तैत्तिरीय संहितेत प्रजापती वराह होऊन पाण्यातून पृथ्वी वर काढतो. त्याहून जवळची मध्य भारतातल्या बैगांची कथा, ज्यात माती शोधायला कावळा निघतो आणि खेकडा व गांडूळ कामी येतात. बुडी मारून माती आणण्याचा हा धागा उत्तर अमेरिकेत आणि सायबेरियापासून पूर्व युरोपापर्यंत पसरला आहे. वराह आणि मस्करॅट यांच्यातला फरक मात्र सोडू नये. तिकडे सर्वांत बलवान देव उतरतो. इकडे मोठे हरतात आणि ज्याच्यावर कुणी पैज लावली नसती तो जीव देतो.

कासवाच्या पाठीवर तेरा महिने लिहिलेले असतात, हे खरे का?

मधली मोठी खवले तेरा असतात, मोजून पाहा. वर्षातले चांद्रमहिने त्यांवर मोजतात. कडेच्या लहान खवल्यांचे अठ्ठावीस दिवस धरण्याचीही शिकवण आहे. प्रत्यक्ष कासवात ती बहुधा पंचवीसच भरतात, तेव्हा ती जीवशास्त्राची माहिती म्हणून देऊ नये.

शाळेत नाटक बसवायचे आहे. काय टाळावे?

तंबू टाळा. शंकूच्या आकाराची टीपी मैदानी प्रदेशातल्या लोकांची. लाँगहाऊस म्हणजे एल्मच्या सालीने मढवलेले लांबट घर, साधारण सहा मीटर रुंद, मधोमध चुलींची रांग, प्रत्येक चुलीच्या दोन्ही अंगांना एकेक कुटुंब. पाठीपर्यंत लोंबणारा पिसांचा मुकुटही नको. होडेनोशोनी टोपी डोक्याला घट्ट बसते आणि वरच्या पिसांवरून राष्ट्र ओळखू येते : मोहॉकांची तीन उभी, सेनेकांचे एक. कासव समुद्री नको, गोड्या पाण्यातले हवे. त्याच्या मोठ्या कवचात दाणे भरून केलेला खुळखुळा विधीत वाजतो. नाच असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने.

आणि मुखवटे अजिबात नकोत. थोरल्याशी डोंगर हलवण्याची पैज लावून ज्याचे नाक वाकडे झाले, त्या शक्तीचे लाकडी मुखवटे रोग बरे करण्यासाठी असतात आणि ते जिवंत मानले जातात. संघाच्या महासभेने १९९५ मध्ये जाहीर केले की ते विकू नयेत, प्रदर्शनात मांडू नयेत, त्यांची चित्रे छापू नयेत. पुठ्ठ्याची नक्कलही त्यातच येते.

ही गोष्ट कधीही सांगता येते का?

रीतीप्रमाणे गोष्टी हिवाळ्यात. उन्हाळ्यात सांगितल्या तर साप घरात शिरतो, मधमाश्या ओठाला डसतात अशी भीती घालतात. कारण उघड आहे, पेरणी-काढणीच्या दिवसांत गोष्टी ऐकत कोण बसणार. बाहेरच्यांनीही हा नियम पाळला तर त्यात तोटा काही नाही.

आजही लोक हे मानतात का?

काही लाँगहाऊसच्या, म्हणजे पारंपरिक धर्माच्या, मार्गाने जातात, काही ख्रिस्ती आहेत, बरेच जण दोन्हीकडे असतात. कथा मात्र भाषेच्या वर्गांत, चित्रांत, मणिकामात सगळ्यांची आहे. लॅक्रॉस हा खेळ आकाशातल्या जगातही खेळला जाई असे मानतात. त्यांचा राष्ट्रीय क्रीडासंघ तो स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पारपत्रावर खेळतो, आणि त्या पारपत्रांवरून २०१० मध्ये त्याला इंग्लंडला जागतिक स्पर्धेसाठी जाता आले नाही.

मी टोरांटोला / न्यू जर्सीला राहतो. कुठे जाऊन पाहता येईल?

टोरांटोहून ब्रँटफर्ड गाडीने साधारण दीड तास. तिथे वुडलँड कल्चरल सेंटर आहे, एका जुन्या निवासी शाळेच्या आवारात. ज्या शाळांत मुलांना स्वतःची भाषा बोलू दिली जात नसे, त्यांतली ती एक, तेव्हा वेळ काढून जा. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ व्हिक्टर गावी गॅनोन्डागन आहे. १६८७ मध्ये फ्रेंचांनी उद्ध्वस्त केलेले सेनेका गाव, आता पूर्ण आकाराचे सालीचे लाँगहाऊस आणि २०१५ चे संग्रहालय असलेले. लाँगहाऊस हंगामी उघडते, आधी चौकशी करावी. राखीव क्षेत्रांतल्या, आजही वापरात असलेल्या लाँगहाऊसमधले विधी पर्यटकांसाठी नसतात. बोलावणे आले तर जावे, आणि फोनचा कॅमेरा गाडीतच ठेवावा.